ब्राह्मणपाऱ्याचे वाचनालय आणि लोकशिक्षण

मराठी अभ्यासक ग्रंथालय चळवळीचा इतिहास सांगू लागले की त्यांची दृष्टी बहुधा रत्नागिरी, नाशिक, पुणे, ठाणे, मुंबई आणि बडोदे या नगरांपाशी स्थिरावते. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, नाशिकचे १८४०चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ची. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. ही नामावली गौरवास्पद आहे यात शंका नाही. पण मराठी माणूस जिथे अल्पसंख्य होता आणि जिथे बाजाराची, कचेरीची व पुढे शाळेचीही भाषा वेगळी होती, तिथे त्याने वाचनसंस्कृतीसाठी काय केले, हा प्रश्न तिच्यामुळे दृष्टीआड राहतो. रायपूरच्या ब्राह्मणपारा या वस्तीतील आनंद समाज वाचनालयाचा विचार त्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

छत्तीसगढमध्ये ‘पारा’ म्हणजे आळी, वस्ती. ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा ही जुन्या रायपूरमधील एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांची नावे. यांपैकी तात्यापारा हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये रतनपूरवर चालून गेल्या; पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगढही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. या स्थित्यंतरांच्या ओघात कारकुनी, वकिली, शिक्षकी आणि पौरोहित्य करणारी अनेक मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली. त्यांच्या घरात मराठी होती; उंबऱ्याबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी.

एकोणिसाव्या शतकातील रायपूर विद्येच्या केंद्रांपासून किती दूर होते, याची कल्पना नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, यांच्या बालपणातील एका प्रसंगावरून येते. वडिलांच्या कामानिमित्त हे कुटुंब १८७७ मध्ये रायपूरला आले तेव्हा रेल्वे इथवर पोहोचलेली नव्हती. शेवटचा मोठा पल्ला त्यांनी बैलगाडीने ओलांडला. या मुक्कामात मुलाचे शिक्षण मुख्यतः वडिलांजवळ घरीच झाले, असे चरित्रकार नोंदवतात. १८८०च्या दशकात रेल्वे आली आणि वृत्तपत्रे, मासिके व ग्रंथ नियमितपणे पोहोचू लागले. तथापि पदवी शिक्षणासाठी रायपूरच्या तरुणाला पुढची पन्नास वर्षे नागपूर, जबलपूर वा अलाहाबाद गाठावे लागे. कारण छत्तीसगढ महाविद्यालय सुरू झाले ते १९३८ मध्ये आणि रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले ते १९६४ मध्ये. मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेल्या, किंवा मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या नागरिकाला पुढे शिकण्याचा जो एक मार्ग शहरात उपलब्ध होता, तो वाचनालयाचा. ब्राह्मणपाऱ्यात १९०८च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आनंद समाज वाचनालयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच आकळते.

त्याआधी आठ वर्षे छत्तीसगढमध्ये एक लक्षणीय वाङ्मयीन घटना घडली होती. पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक असलेले माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. संपादनात त्यांचे सहकारी होते रामराव चिंचोळकर आणि प्रकाशनाची जबाबदारी उचलली वामनराव लाखे यांनी. तिघेही मराठी भाषक. मासिक मात्र हिंदी. शिक्षणात मागे पडलेल्या प्रदेशात विद्येचा प्रसार करायचा तर तो तिथल्या लोकांना कळणाऱ्या भाषेतच केला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. ग्रंथपरीक्षणाला या मासिकाने दिलेले स्थान हिंदी समीक्षेच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ग्राहकांची वानवा आणि वाढता तोटा यांमुळे डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद पडले.

या अपयशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. लेखक होते, मुद्रणाची सोय करता येत होती, विषयांचीही उणीव नव्हती. वाचक मात्र पुरेसे घडलेले नव्हते. एका मासिकाची वर्षभराची वर्गणी भरणे ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत मासिक पोहोचवायचे तर एक अंक पन्नास जणांनी वाचावा अशी जागा हवी. सार्वजनिक वाचनालय ही ती जागा होय. १९०७ मध्ये रायपूरला मध्यप्रांताची राजकीय परिषद भरली, ‘वंदे मातरम्’च्या प्रश्नावरून तीत मवाळ-जहाल मतभेद उघड झाले आणि त्याच वर्षी सप्रे यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. वृत्तपत्र वाचणे ही आता सार्वजनिक कृती बनू लागली होती. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, राजनांदगाव संस्थानात ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी सरस्वती पुस्तकालय काढले. म्हणजे आनंद समाज वाचनालय ही एकाकी घटना नव्हती. एका नव्या वाचकवर्गाच्या घडणीतील ते एक स्थान होते.

अशा वाचनालयांचे मोफसलमधील कामकाज दोन पातळ्यांवर चाले. पुस्तके घरी नेण्याचा अधिकार अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा. वृत्तपत्रांच्या मेजापाशी मात्र कोणीही बसावे. एक जण मोठ्याने वाची आणि इतर ऐकत. या ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलाही असे. शाळा वय विचारते, इयत्ता विचारते, मागल्या परीक्षेचा निकाल विचारते. वृत्तपत्राच्या मेजाला यांपैकी काही विचारण्याचे कारण नसते. सर्व वयांच्या शिक्षणाची जी भाषा पुढे शासकीय अहवालांत रूढ झाली, तिचे मूळ रूप या मेजाभोवती आधीच आकाराला आले होते.

वाचनालयाचा दुसरा उपयोग सभास्थानाचा. डिसेंबर १९२० मधील महात्मा गांधींच्या रायपूरभेटीशी ब्राह्मणपाऱ्याचे नाव स्थानिक परंपरेत जोडलेले आहे. आनंद समाज वाचनालयाच्या आवारात स्त्रियांची सभा झाली आणि अनेकींनी अंगावरचे दागिने राष्ट्रकार्यासाठी दिले, असे स्थानिक इतिहासलेखनात सांगितले जाते. ज्या काळी वाचनालयाच्या सभासदांच्या यादीत स्त्रीचे नाव क्वचित आढळावे, त्या काळी तिचा वाचनालयाच्या आवारातला प्रवेश सभेच्या निमित्ताने झाला, ही परंपरेतली गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारावासानंतर रायपूरला परतलेल्या सप्रे यांनी १९११-१२च्या सुमारास शहरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढण्यात पुढाकार घेतला होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. कन्याशाळा, वाचनालय, मासिक, आणि वामनराव लाखे यांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये उभी राहिलेली सहकारी बँक ही त्या पिढीच्या दृष्टीने एकाच कार्याची अंगे होती.

सप्रे यांचे अनुवादकार्य या संदर्भात वेगळ्या तऱ्हेने उजळून निघते. समर्थांचा ‘दासबोध’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांची महाभारतमीमांसा त्यांनी हिंदीत आणली. १९१५ मध्ये मराठीत निघालेले ‘गीतारहस्य’ अल्पावधीतच हिंदी वाचकाच्या हाती पडले. मराठी घरांतील कपाटात जे ज्ञान होते ते शेजारच्या हिंदी वाचकासाठी उघडे करणे, हे या अनुवादांचे प्रयोजन होते. मराठीपणाचा हा उदार अर्थ आहे. पुढे १९३५ मध्ये रायपूरला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी भाषा, नाटक व सणउत्सव यांना हक्काचे घर मिळाले. एक संस्था सर्वांसाठी आणि एक आपल्या भाषेसाठी, अशी ही दुहेरी निष्ठा बृहन्महाराष्ट्रातील अनेक शहरांत आढळते. मात्र दुसरीच्या अभिमानात पहिलीचे विस्मरण होणे इष्ट नव्हे.

तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या वस्तीचे नावच एका वर्णावरून पडले आहे, तिच्यातील वाचनालय सर्वांचे कसे होणार? दार उघडे असणे आणि ते आपल्यासाठी उघडे आहे असे वाटणे, यांत मोठे अंतर असते. छत्तीसगढमध्ये सतनामी समाजाची लोकसंख्या मोठी. त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पंडित सुंदरलाल शर्मा यांनी हाती घेतला आणि १९२५ मध्ये राजीमच्या राजीवलोचन मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन केले. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधी पुन्हा रायपूरला आले ते हरिजनयात्रेच्या निमित्ताने. मंदिराच्या दारासाठी जिथे आंदोलन करावे लागते, तिथे ग्रंथांचे कपाट आपोआप सर्वांचे होईल, असे मानता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये काढण्याचा स्पष्ट उल्लेख होता, तो याच कारणासाठी. उच्चवर्णीय वस्तीतील वाचनालयांनी लोकशिक्षणाचा पाया घातला हे खरे. त्या लोकशिक्षणातील ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती मात्र इतरांना झगडून वाढवावी लागली, हेही तितकेच खरे.

यापुढचा प्रश्न व्यवस्थेचा आहे. एखाद्या वस्तीत एक उत्तम वाचनालय असणे निराळे आणि गावोगावच्या वाचनालयांची परस्परांशी जोडलेली व्यवस्था असणे निराळे. हा भेद बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी अचूक ओळखला होता. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मात्र शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात स्त्रिया व मुलांसाठी स्वतंत्र विभाग, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत नेणारी फिरती वाचनालये, आणि गावाने रक्कम जमवली की तेवढाच वाटा प्रांताने व तेवढाच सरकारने घालावा अशी पद्धत तिथे रूढ झाली. १९१२ मध्ये निघालेल्या तेथील ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदाच केला. रायपूरच्या वाट्याला असा राजा आला नाही आणि असा कायदाही आला नाही. तिथे सारे काही वर्गणीवर, देणगीवर आणि चिटणिसाच्या चिकाटीवर अवलंबून राहिले.

स्वातंत्र्यानंतर ही तफावत अधिक ठळक झाली. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि खेड्यापाड्यांतील वाचनालयांना शासनमान्यता, वर्गवारी आणि अनुदान यांची नियमबद्ध चौकट मिळाली. अनुदान अपुरे पडे, वेळेवर मिळत नसे, या तक्रारी खऱ्या असल्या तरी मागणी करायला कायद्याचा आधार होता. एकाच प्रांतात वाढलेल्या दोन वाचनालयांपैकी एकाला हा आधार लाभला; दुसऱ्याला छत्तीसगढ राज्य २००० मध्ये अस्तित्वात येऊन २००८ मध्ये तिथे ग्रंथालय कायदा होईपर्यंत थांबावे लागले. चाळीस वर्षे हा एखाद्या संस्थेच्या आयुष्यात लहान काळ नव्हे. त्या अवधीत वाचकांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या.

मधल्या काळात रायपुरात काहीच घडले नाही असे नाही. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५ मध्ये निघालेल्या वस्तुसंग्रहालयाला त्याच घराण्याच्या राणी ज्योतीदेवी यांच्या औदार्याने नवी वास्तू लाभली. १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि त्या घराण्यातील महंत सर्वेश्वरदास यांच्या नावाचे ग्रंथालय शहराला मिळाले. २०१८ मध्ये नालंदा परिसर हे दिवसरात्र खुले असणारे अध्ययनकेंद्र सुरू झाले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची तिथे दाटी असते आणि घरी अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलामुलींना शांत जागा व दिवा मिळतो. हे समाजकार्यच होय.

परंतु परीक्षार्थींसाठीची अभ्यासिका आणि सार्वजनिक वाचनालय यांच्या कल्पनेत मूलभूत अंतर आहे. अभ्यासिकेत येणारा आपली पुस्तके बरोबर आणतो. वाचनालयात येणाऱ्याला, आपल्याला हवे होते हेच ठाऊक नसलेले पुस्तक सापडते. अभ्यासिकेचा वाचक विशीतला असतो आणि निवड झाली की तिथे येणे थांबवतो. वाचनालयात सात वर्षांचे मूल, दुपारी सवड काढून आलेली गृहिणी, सेवानिवृत्त कारकून आणि हमाली करून थकलेला माणूस एकाच छताखाली बसावेत अशी अपेक्षा असते. आज महाराष्ट्रातही अनेक जुन्या वाचनालयांतील वृत्तपत्रांची मेजे मागे सरून अभ्यासिकेच्या खुर्च्या पुढे येत आहेत. आर्थिक निकडीपोटी हे घडते, त्याबद्दल संस्थांना दोष देणे अन्याय्य ठरेल. मात्र या बदलात सर्वांत आधी मूल आणि म्हातारा, म्हणजे ज्यांना कोणतीही परीक्षा द्यायची नाही असे वाचक, बाहेर पडतात.

ब्राह्मणपाऱ्याच्या वाचनालयाने आरंभी जो वाचक कल्पिला होता, तो मुख्यतः असाच होता. त्याला पदवी मिळणार नव्हती, बढतीही मिळणार नव्हती. जगात काय चालले आहे हे कळावे आणि त्यावर चारचौघांत बोलता यावे, एवढीच त्याची गरज होती. ग्रंथालयांना निधी, इमारती आणि संगणक पुरवणाऱ्या आजच्या योजनांनी या वाचकाची गणना कोणत्या रकान्यात करायची हे ठरवले पाहिजे. कारण तो रकाना कोरा राहिला, तर कायदा असूनही आणि इमारत असूनही लोकशिक्षण तेवढे उरणार नाही.