शिकेकाईची गोष्ट: न्हाणीघरातून पुडीपर्यंत

किराणा दुकानात गेलं की दाराशीच शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. या माळा गावात येऊन फार वर्षं झालेली नाहीत. घरातल्या आजेसासूबाईंना विचारून बघा. त्यांच्या तरुणपणी डोक्यावरून न्हायचं म्हणजे शिकेकाई उकळायची. आज त्या शिकेकाईचा इतिहास सांगते. त्यात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे.

आधी नावांची गंमत ऐका. शिकेकाई हा शब्द दक्षिणेकडून आला. तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चं फळ, शेंग. आणि शाम्पू? तो शब्द इंग्रजांचा वाटतो, पण मुळात आपल्याच देशातला आहे. हिंदीत 'चांपना' म्हणजे दाबणं, चेपणं. आपण चंपी म्हणतो, तीच ही. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले. ब्रायटन नावाच्या गावी समुद्रकाठी त्यांनी स्नानगृह काढलं. तिथे औषधी वाफ देऊन अंग चेपून देत. याच विषयावर त्यांनी १८२२ साली पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडच्या राजानेही त्यांना या कामासाठी नेमलं. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. केस धुणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि तो शब्द बाटलीवर बसून आपल्याकडे परत आला.

केसांची निगा आपल्याकडे किती जुनी आहे? सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. त्यात पांढरे केस काळे करायची कृती आहे. कोद्रू, म्हणजे कोकणातला हरीक, लोखंडाच्या भांड्यात आंबट द्रवात लोहचूर्णाबरोबर शिजवायचा आणि त्याचा लेप द्यायचा. पुढे आवळ्याचाही लेप आहे. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो हे आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. म्हणजे पोथीतली विद्या आणि चुलीपाशी बसलेल्या बाईची विद्या एकच होती. पोथी लिहिणाऱ्याचं नाव राहिलं. कढई ढवळणाऱ्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

पण हे न्हाणं सगळ्याच बायांच्या वाट्याला येत नव्हतं, हेही सांगायला हवं. ब्राह्मण आणि काही उच्च जातींमध्ये नवरा वारला की बाईचे केस काढत. न्हाव्यापुढे बसायचं आणि पुढे जन्मभर डोईवर पदर. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केस कापणार नाही असं त्यांनी ठरवलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढलं. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा गोदूबाई. १८९३ साली त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या बाया कर्वे झाल्या. आज आपण सहज केस विंचरतो, वेणी घालतो. त्यासाठी कुणीतरी झगडलेलं आहे.

याच काळात साबण आला. १८८८ साली विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे स्वदेशीच्या काळात गोदरेजांनी चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबण केला. साबण कपड्याला चांगला, पण बोअरच्या जड पाण्यात तो फुटतो, त्याची चिकट साय केसांना धरते आणि केस राठ होतात. शिकेकाईचं तसं होत नाही. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस करणारा नैसर्गिक अंश असतो, तो तेलकटपणा ओढून घेतो. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असल्याने केस मऊ राहतात. सोनार दागिने रिठ्याने धुतात आणि रेशमी लुगडी रिठ्यात भिजवतात, ती याच गुणामुळे.

मग शिकेकाई मागे का पडली? वेळ लागतो म्हणून. निवडा, कुटा, उकळा, गाळा, आणि सरपण जाळा. मजुरीला जाणाऱ्या बाईला ते कसं परवडणार? १९८० नंतर तमिळनाडूतल्या कंपन्यांनी स्वस्त पुड्या काढल्या. पुडी फाडली की काम झालं. त्यात बाईचा आळस नव्हता, तिची दमणूक होती.

आता करायची रीत. शिकेकाईच्या दहा शेंगा, बी काढलेले पाच रिठे, मूठभर वाळलेला आवळा आणि चमचाभर मेथ्या दोन तांबे पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा. निवल्यावर हाताने चांगलं कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. डोळे घट्ट मिटून लावा, कारण रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. पहिल्या वेळी थोडं कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज सुटली तर वापरू नका. हे पाणी टिकत नाही, दोन दिवसांत संपवा. आणि एवढं लक्षात ठेवा, यानं डोकं स्वच्छ होतं. पण डोक्यात नायटा असेल, चट्टे पडत असतील, केस पुंजक्याने गळत असतील, तर दवाखान्यातच जायचं.

शेवटची गोष्ट पैशाची. शिकेकाई ही काटेरी वेल, सह्याद्रीच्या रानात झाडांवर चढते. शेंगा वेचताना हात ओरबाडतात. तीच शेंग दळून, चित्राच्या डबीत भरून, कितीतरी पट भावाने आपल्यालाच विकली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात परंपरेने राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या गावाला रान असेल तर ग्रामसभेत हा विषय काढा. रान नसेल तर गटाने मिळून सुकी शिकेकाई घ्या आणि गिरणीत एकदाच दळून आणा. कुटायचा त्रास वाचेल. आणि पुढच्या बैठकीत गटातल्या म्हाताऱ्या बायांना आपापली कृती सांगायला लावा. कुणीतरी ती वहीत उतरवून घ्या, आणि सांगणारीचं नाव खाली जरूर लिहा.