राजकीय घोषणा आणि साखरेचा बाजारभाव

राजकीय घोषणा आणि साखरेचा बाजारभाव यांचा परस्परसंबंध हा कोल्हापूर जिल्हा आणि महाराष्ट्रातील एकूण ऊसपट्ट्याच्या अर्थकारणातील महत्त्वाचा विषय आहे. साखरेच्या दराविषयी सभा, पत्रकार परिषदा आणि समाजमाध्यमे यांतून नेत्यांची विधाने सातत्याने होत असतात; मात्र त्यांतील बहुतेक विधानांचा कारखान्यांच्या विक्रीदरावर टिकाऊ परिणाम होत नाही. बाजारातील साखरेचे प्रमाण किंवा विक्रीची कायदेशीर अट बदलणारा आदेश निघाला, तरच दर बदलून टिकतो. खनिज तेलाच्या जागतिक बाजारातही याच प्रकारचे वर्तन आढळते.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस हे प्रमुख नगदी पीक आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत सहकारी साखर कारखानदारी वाढली. रत्नाप्पा कुंभार यांचा पंचगंगा कारखाना आणि तात्यासाहेब कोरे यांचा वारणा कारखाना ही तिची ठळक उदाहरणे होत. येथील उसाचा साखर उतारा देशातील सर्वाधिक उताऱ्यांमध्ये गणला जातो.

जिल्ह्यात कारखान्यांचे संचालक मंडळ आणि राजकीय नेतृत्व यांचा निकटचा संबंध आहे. त्यामुळे साखरेच्या दरावर बोलणारी व्यक्ती अनेकदा साखरेच्या विक्रेत्या संस्थेशीही संबंधित असते. अशा विधानामागील हितसंबंध व्यापाऱ्यांना ठाऊक असतात आणि ते विधानाचे मोल त्यानुसारच करतात.

दर ठरण्याची पद्धत

सहकारी कारखाने आपली साखर मुख्यतः निविदा पद्धतीने विकतात. कारखाना प्रतवारीनुसार (एस-३०, एम-३० इत्यादी) विक्रीस ठेवलेले प्रमाण जाहीर करतो, व्यापारी प्रतिक्विंटल दर भरतात आणि दर मान्य झाल्यावर ठरलेल्या मुदतीत माल उचलतात. व्यापारी दर भरताना पुढील बाबी विचारात घेतो:

* हंगामाच्या प्रारंभीचा शिल्लक साठा आणि चालू गाळपातून अपेक्षित उत्पादन
* केंद्र सरकारने त्या महिन्यासाठी दिलेला विक्री कोटा
* सण, लग्नसराई आणि उन्हाळा यांमुळे वाढणारी मागणी
* निर्यातीस परवानगी आहे की नाही, आणि असल्यास किती टनांची
* इथेनॉलकडे वळवल्या जाणाऱ्या साखरेचे प्रमाण

नेत्याच्या विधानाने यांपैकी कोणतीही बाब बदलत नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या निविदेत अधिक दर भरण्याचे व्यापाऱ्यास कारण उरत नाही.

अधिकार आणि आदेश

साखर ही अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कक्षेत येते. एप्रिल २०१३ मध्ये केंद्राने लेव्ही साखर आणि खुल्या विक्रीचा कोटा या दोन्ही पद्धती रद्द केल्या. परंतु २०१८ मध्ये मासिक साठा-मर्यादेच्या रूपाने विक्रीवरील नियंत्रण पुन्हा लागू झाले. साखरेचा किमान विक्री दर, मासिक कोटा, आयात-निर्यात धोरण आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) हे केंद्राचे विषय आहेत. गाळप परवाना आणि थकीत एफआरपीच्या वसुलीची कारवाई पुणे येथील साखर आयुक्तालयाकडे आहे. परिणामी किमान विक्री दर वाढवण्याविषयी राज्यातील नेत्याने केलेले विधान हे स्वरूपतः मागणी असते, निर्णय नसतो.

२०१८ चे उदाहरण

२०१७-१८ च्या हंगामात देशात सुमारे ३२५ लाख टन साखर तयार झाली. देशांतर्गत वापर मात्र २५० लाख टनांच्या आसपास होता. दर घसरू लागल्यावर केंद्राने फेब्रुवारी २०१८ मध्ये साखरेवरील आयात शुल्क ५० टक्क्यांवरून १०० टक्के केले आणि मार्चमध्ये २० टक्के निर्यात शुल्क पूर्णपणे हटवले. तरीही घसरण थांबली नाही आणि मे महिन्यात कारखानास्थळावरील दर किलोमागे सुमारे २६ रुपयांपर्यंत उतरला.

हे दोन्ही निर्णय अधिकृत होते, तरी त्यांनी बाजारातील साखरेचे प्रमाण बदलले नाही. जागतिक दर देशांतर्गत दरापेक्षा कमी असल्याने शुल्क हटवूनही निर्यात परवडत नव्हती. आयात तर मुळातच नगण्य होती. ७ जून २०१८ रोजी साखर दर (नियंत्रण) आदेश काढून किलोमागे २९ रुपये हा किमान विक्री दर निश्चित करण्यात आला आणि प्रत्येक कारखान्याच्या मासिक विक्रीवर मर्यादा आली. या दराखाली विक्री करणे बेकायदेशीर ठरल्याने दराला तळ मिळाला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी हा दर ३१ रुपये करण्यात आला.

इथेनॉलविषयक आदेश

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने २०२३-२४ या वर्षासाठी उसाचा रस आणि साखरेचा पाक यांपासून इथेनॉल तयार करण्यास मनाई केली. जास्त साखर बाजारात येणार हे स्पष्ट होताच दर उतरले. आठवड्याभरात हा आदेश शिथिल करून इथेनॉलसाठी १७ लाख टन साखर वळवण्याची मुभा देण्यात आली. पुढील इथेनॉल वर्षासाठीचे निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठवण्यात आले. आदेशात प्रमाण, कालावधी आणि अंमलबजावणीची तारीख या तिन्ही गोष्टी असल्यामुळे त्याचे रूपांतर थेट टनांमध्ये करता येत होते.

ऊस उत्पादकांवरील परिणाम

घोषणा आणि आदेश यांतील अंतराचा भार शेवटी ऊस उत्पादकावर येतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. कारखाने ही रक्कम मुख्यतः साखर साठ्यावरील मालतारण कर्जातून उभी करतात. बँक पोत्यामागे उचल देताना प्रत्यक्ष बाजारभावावर आधारित मूल्यांकन पाहते. आश्वासित दरावर कर्ज मिळत नाही.

एफआरपी दरवर्षी जाहीर होते, किमान विक्री दर मात्र ३१ रुपयांवर कायम राहिला. १२ टक्के उतारा गृहीत धरल्यास पुढील चित्र दिसते. एका टन उसापासून १२० किलो साखर मिळते आणि ३१ रुपये दराने तिचे मूल्य ३,७२० रुपये होते.

* २०१८-१९: एफआरपी १० टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल २७५ रुपये. १२ टक्के उताऱ्यास प्रतिटन ३,३०० रुपये.
* २०२४-२५: एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल ३४० रुपये. १२ टक्के उताऱ्यास प्रतिटन सुमारे ३,९८० रुपये.

एफआरपीतून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा केला जातो आणि कारखान्यास मळी, बगॅस, सहवीजनिर्मिती व इथेनॉल यांचेही उत्पन्न असते. अलीकडच्या हंगामांत बाजारभावही किमान दराच्या वर राहिला. तथापि दर घसरल्यास आधार देणारी पातळी उसाच्या किमतीच्या तुलनेत खाली गेल्याचे या आकडेमोडीतून स्पष्ट होते.

ऊसदराच्या आंदोलनांमध्ये लेखी हमीस महत्त्व येते ते याच कारणाने. राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखालील स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूर येथील वार्षिक ऊस परिषद ही गाळप हंगामापूर्वीची प्रमुख घटना मानली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनेने शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. मागील हंगामात टनाला ३,००० रुपयांपेक्षा कमी दर दिलेल्या कारखान्यांनी आणखी १०० रुपये आणि त्याहून अधिक दर दिलेल्यांनी ५० रुपये द्यावेत, या तडजोडीवर ते आंदोलन मिटले. एफआरपी दोन टप्प्यांत देण्यास मुभा देणारा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. त्यामुळे एकरकमी रकमेचा हक्क पुन्हा कायद्याच्या आधारे मिळाला.

खनिज तेलाच्या बाजाराशी तुलना

खनिज तेलाचे व्यवहार जागतिक वायदे बाजारात क्षणाक्षणाला होतात. त्यामुळे तेथे विधानाचा तात्कालिक परिणाम साखरेपेक्षा अधिक दिसतो, पण तोही सहसा अल्पजीवी ठरतो. २० एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर ‘ओपेक’ या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेवर दर कृत्रिमरीत्या चढे ठेवल्याची टीका केली. दर काही काळ उतरले. पण ऑक्टोबर २०१८ च्या प्रारंभी ब्रेंट तेल पिंपामागे ८५ डॉलरच्या वर पोहोचले. इराणवरील निर्बंधांमुळे पुरवठा घटण्याची अपेक्षा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने भारतासह आठ देशांना इराणी तेल घेण्याची तात्पुरती सवलत दिल्यावर आणि एकूण उत्पादन वाढल्यावर दर वेगाने घसरले.

२ एप्रिल २०२० रोजी सौदी अरेबिया व रशिया मोठी उत्पादनकपात करतील, असे ट्विट ट्रम्प यांनी केले आणि अमेरिकी तेलाचा दर एका दिवसात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. १२ एप्रिलला ओपेक व सहयोगी देशांनी दररोज ९७ लाख पिंपांची कपात प्रत्यक्ष मान्य केली. तरीही टाळेबंदीमुळे मागणी कोसळलेली असल्याने आणि ओक्लाहोमातील कुशिंग येथील साठवण टाक्या भरत आल्याने २० एप्रिल रोजी मे महिन्याच्या वायद्याचा दर उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. साठवणुकीस जागा नसताना कपातीचे आश्वासन दर सावरू शकले नाही.

घोषणा परिणामकारक ठरण्याच्या अटी

वरील उदाहरणांवरून घोषणेचा टिकाऊ परिणाम होण्यासाठी साधारणतः चार अटी आढळतात: बोलणाऱ्यास त्या विषयाचा प्रत्यक्ष अधिकार असणे, निश्चित प्रमाण आणि तारीख दिलेली असणे, ती माहिती व्यापाऱ्यांना नवी असणे, आणि मागणी-पुरवठ्याची स्थिती तिच्या विरुद्ध दिशेने अधिक प्रबळ नसणे. २०१८ च्या शुल्कबदलांमध्ये अधिकार होता, पण पुरवठ्याची स्थिती प्रतिकूल होती. एकच मागणी वारंवार झाल्यास तिसरी अट पूर्ण होत नाही, कारण त्या निर्णयाची शक्यता व्यापाऱ्यांनी आधीच दरात धरलेली असते.

हे सुद्धा पहा

* रास्त व किफायतशीर दर
* महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने
* इथेनॉल मिश्रित पेट्रोल
* ओपेक