गोदामाचं भाडं, फर्मचं रिटर्न आणि नसलेला रकाना



गेल्या हंगामात राणीसावरगावातल्या दोघा भावांच्या फर्मचं रिटर्न भरत होतो. गोदाम फर्मच्या नावावर आहे आणि ते भाड्याने दिलंय. वर्षभरात पत्रे बदलले, वॉचमन ठेवला, लाईट बिल भरलं. सगळ्या पावत्या फाईलला. पण भाड्याच्या पानावर हा खर्च टाकायला रकानाच नाही. भाडं टाकलं, भरलेली घरपट्टी टाकली, की उरलेल्या रकमेतून सॉफ्टवेअर आपोआप ३० टक्के वजा करतं आणि पुढे सरकतं. कर्जाचं व्याज असेल तर तेवढं घेतं. धाकटा म्हणाला, "काका, सॉफ्टवेअरच खराब हाय."

सॉफ्टवेअर खराब असतं, त्यावर पुढे येतोच. पण हा रकाना संगणकवाल्याने गायब केलेला नाही. ही गोष्ट संगणकाच्या आधीची आहे.

आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे आयकराचा वेगळा कायदा होता, १३५७ फसलीचा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा १९२२ चा आयकर कायदा आपल्याकडे आला. त्या कायद्यात घराच्या उत्पन्नाचा हिशोब दुकानासारखा नव्हताच. ही जागा वर्षाला किती भाडं आणू शकते, यावर कर. दुरुस्तीसाठी ठोक एक षष्ठांश वजा. तुम्ही खरंच किती खर्च केला, हे कोणी विचारत नव्हतं. १९६१ च्या कायद्याने हीच रीत ठेवली. सोबत विम्याचा हप्ता, भाडंवसुलीचा खर्च अशी छोटी यादी होती. २००१ च्या वित्त कायद्याने ती यादी पुसली आणि सगळ्याचं मिळून सरसकट ३० टक्के केलं. म्हणजे पत्रे बदलले तरी ३०, नाही बदलले तरी ३०. ज्याची इमारत नवी त्याला फायदा, ज्याची जुनी गळकी त्याला तोटा. मला हे पटत नाही, पण कायदा असाच आहे.

मग हुशार लोकांनी वाट काढली. भाडं हे घराचं उत्पन्न न दाखवता धंद्याचं दाखवायचं, म्हणजे खरा खर्च वजा होतो, घसाराही मिळतो. कधी चालतं, कधी नाही. २०१५ मध्ये चेन्नईच्या एका कंपनीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, कारण जागा भाड्याने देणं हाच तिचा मुख्य धंदा होता. पण फर्मवाल्यांनी बघायचा तो २०१७ चा निकाल, राज दादरकर अँड असोसिएट्स. ही मुंबईची भागीदारी फर्म. तिने १९९३ मध्ये मुंबई महापालिकेच्या लिलावात बाजाराची जागा घेतली, तिथे ९५ दुकानं आणि ३० स्टॉल काढून लोकांना चालवायला दिले. भागीदारी पत्रात धंदा म्हणून तसं लिहिलेलंही होतं. तरी कोर्ट म्हणालं, नुसतं पत्रात लिहून भागत नाही, तो धंदा असल्याचा पुरावा दाखवा. पुरावा कमी पडला आणि भाडं घराच्या उत्पन्नात गेलं.

मुंबईच्या १२५ गाळ्यांची ही गत, तर आपल्या एका गोदामाचं काय!

आता सॉफ्टवेअरचा दोष. पूर्वी कागदी रिटर्नला मुनीम हिशोबाची पानं टाचायचा. आम्ही हे भाडं धंद्याचं का धरलं, ते लिहून द्यायचा. साहेबाला पटो न पटो, म्हणणं फाईलला लागायचं. २००७-०८ च्या करनिर्धारण वर्षापासून जोडपत्रं बंद झाली आणि ऑडिट लागणाऱ्या फर्मना ऑनलाईन भरणं सक्तीचं झालं. वेळ वाचला, हे खरं. पण म्हणणं मांडायची जागा गेली. पुढे ७ जून २०२१ ला नवं पोर्टल आलं आणि इतकं अडखळलं की २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला.

त्याहून मोठी गोष्ट ५ जुलै २०२४ ला झाली, तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला आणि काही लोकांना कलम ८७अ ची सूट मागताच येईना. कायदा बदलला नव्हता, रकाना बंद केला होता. मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स हायकोर्टात गेली. २४ जानेवारी २०२५ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. सूट द्यायची की नाही हे नंतर ठरवा, पण मागणीच करू न देणं हे सॉफ्टवेअरचं काम नाही, असा त्याचा मथितार्थ.

आमच्या दोघा भावांचं दुखणं मात्र वेगळं. त्यांचा तोटा रकान्यात नाही, गोदाम फर्मच्या नावावर चढवण्यात आहे. हिशोब बघा. समजा वर्षाचं भाडं ६ लाख, घरपट्टी तूर्त सोडा. ३० टक्के गेले, राहिले ४ लाख २० हजार. १९९२ च्या बदलानंतर फर्म स्वतःच कर भरते, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. वर ४ टक्के सेस. म्हणजे १ लाख ३१ हजार ४० रुपये. भागीदारांचा पगारही या उत्पन्नातून वजा होत नाही. तेच गोदाम दोघा भावांच्या नावावर, ठरलेल्या हिश्श्याने असतं, तर १९६१ च्या कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये २ लाख १० हजार आले असते. दुसरी मोठी कमाई नसेल तर कर शून्य.

लगेच गोदाम फर्ममधून काढायला धावू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर फर्ममधून मालमत्ता भागीदाराकडे गेली तरी त्यावर कर लागू शकतो. आधी सीएकडे आकडे मांडा. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला, त्यातही ३० टक्के तसेच आहेत.

ज्यांचं गोदाम अजून बांधायचंय, त्यांनी ग्रामपंचायतीत नमुना ८ ला कोणाचं नाव लावायचं ते आत्ताच घरात बसून ठरवा. भाडेकरारही त्याच नावाने करा, कारण भाडेकरू टीडीएस त्याच पॅनवर कापणार. आणि घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरा. मालकाने त्या वर्षात खरोखर भरलेली पट्टीच वजा होते, थकलेली नाही.