दिनविशेष : २० फेब्रुवारी
१८८९ : तुर्की त्वचारोगतज्ज्ञ डॉ. हुलुसी बेहचेत यांचा इस्तंबूलमध्ये जन्म. १९३३मध्ये नव्याने उभारलेल्या इस्तंबूल विद्यापीठात ते त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले. वारंवार तोंड येणे, गुप्तांगावर व्रण आणि डोळ्यांचा दाह या तक्रारींवर तोवर वेगवेगळे उपचार होत. काही रुग्णांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून बेहचेत यांनी ही लक्षणे एकाच स्वतंत्र आजाराची असल्याचे ताडले आणि १९३७मध्ये तसा निबंध एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. यात रक्तवाहिन्यांना दाह होतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टीही जाऊ शकते. या आजाराचे जगात सर्वाधिक प्रमाण तुर्कस्तानातच आढळते. बेहचेत यांचे निधन ८ मार्च १९४८ रोजी झाले.