पंडिता रमाबाईंची शरणागति



ईश्वराला शरण जाणें ही भाषा मराठी माणसाला परकी नाहीं. घराघरांतून म्हटले जाणारे अभंग या एका शब्दाभोंवतीं फिरत असतात. ख्रिस्ती धर्मांतहि या शब्दाचें स्थान असेंच मध्यवर्ती आहे. पकडला जाण्याच्या रात्रीं येशूनें गेथशेमाने बागेंत जी प्रार्थना केली, तींत समोरचें दुःख टळावें ही आपली इच्छा त्यानें प्रथम उघडपणें बोलून दाखविली आणि मग ती पित्याच्या इच्छेखालीं ठेवली. ख्रिस्ती शरणागतीचा मूळ नमुना तो हा. त्यांतला पहिला भाग लोक बहुधा विसरतात. शरण जाणाऱ्याला स्वतःची इच्छा असावी लागते. जिला इच्छाच नाहीं ती व्यक्ति अर्पण तरी काय करणार?

धर्मशास्त्राच्या अंगानें या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा नाहीं. मी एका चरित्राच्या आधारें बोलणार आहें. पंडिता रमाबाईंचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती कोणापुढेंहि न वांकणारी स्त्री. पुण्यांतील सनातन्यांशीं त्यांचें जमलें नाहीं, सुधारकांशीं शेवटपर्यंत जमलें नाहीं, आणि ज्यांनीं त्यांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली त्या इंग्लिश धर्मभगिनींशींहि जमलें नाहीं. असें असून, आपण सर्वस्वीं प्रभूच्या हातीं गेलों आहोंत, आपलें आतां कांहीं उरलें नाहीं, असें याच बाई पुनःपुन्हा सांगतात. हीं दोन्ही चित्रें एकाच बाईचीं कशीं, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करतां पत्नीला संस्कृत शिकविलें. पुढें त्या माउलीनेंच मुलीला शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडे. १८७६-७७ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला आणि त्यांत आईबाप व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. या काळाची हकीकत रमाबाईंनीं १८९७ सालीं लिहिली. जवळ होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत गेलें, उपासतापास झाले, मूर्तीसमोर दिवसच्या दिवस बसून झालें, आणि शेवटीं रानांतला पाला खाण्याची वेळ आली. या हकीकतींतील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. दृष्टि गेलेल्या, मरणोन्मुख पित्यानें धाकट्या मुलीला जवळ घेतलें आणि सांगितलें कीं, मीं तुला देवाच्या हातीं सोंपविलें आहे, तूं त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. हे शब्द एका वैष्णव ब्राह्मणाचे. लिहून ठेवले ते त्याच्या ख्रिस्ती कन्येनें, कृतज्ञतेनें. रमाबाईंच्या शरणागतीचा आरंभ कोणी इंग्लंडांत शोधूं लागला तर तो चुकेल.

मधला काळ भराभर ओलांडतों. कलकत्त्यास पंडिता व सरस्वती या पदव्या, १८८० त भावाचा मृत्यु, त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह, १८८१ त मनोरमेचा जन्म, १८८२ च्या फेब्रुवारींत वैधव्य. त्याच सालीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ त दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या आश्रयास असतां मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीं जपून ठेवला, आणि तो १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. जिज्ञासूंनीं तो अवश्य वाचावा. रमाबाई या भगिनीला प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्याच आजीबाईंशीं त्या कागदावर भांडत. भांडणाचे विषय दिसायला लहानसहान. शाकाहारी रमाबाई अंडें घातलेलें पक्वान्न खात नाहींत, यांत आजीबाईंना जातीचा अभिमान दिसे. क्रूसावरचीं अक्षरें लॅटिनच कां, संस्कृत कां नकोत, हा रमाबाईंचा प्रश्न त्यांना उद्धटपणाचा वाटे. चेल्टनहॅम येथें त्यांनीं तरुण पुरुषांना हिंदी भाषा शिकवाव्या अशी गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांपर्यंत सल्ला मागण्यांत आला आणि तो नकारार्थी आला. ज्या बाईनें हिंदुस्थानांत पुरुषांच्या भरल्या सभांतून व्याख्यानें दिलीं, तिला हें कसें रुचावें ? त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयींहि त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. मोठ्या कष्टानें एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मी सुटलें, आतां तसलेंच दुसरें जोखड मी मानेवर घेणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं देऊन टाकलें.

आजीबाईंना हा गर्व वाटला. आपल्यालाहि क्षणभर तसें वाटेल. जी गुरूची आज्ञा मानीत नाहीं ती देवाला काय शरण जाणार, असें आपले कीर्तनकारहि विचारतील. पण रमाबाईंचें म्हणणें नीट ऐकावें. आपली बुद्धि व आपला विवेक हीं देवानें दिलेलीं आहेत. तीं परत द्यावयाचीं तर ज्यानें दिलीं त्यालाच द्यावयाचीं. वाटेंतल्या कोणाच्या हवालीं करणें म्हणजे दुसऱ्याची ठेव तिऱ्हाइताला देणें होय.

मात्र हें सारें बुद्धीचें झालें. बुद्धीनें पटलेला धर्म आणि हृदयाचें समर्पण यांमध्यें रमाबाईंच्या आयुष्यांत तब्बल आठ वर्षें गेलीं. त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेला गेल्या, तेथें हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं पुस्तक लिहिलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं सदन पुण्यास आलें. कीर्ति होती, काम होतें, शांति नव्हती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या हातीं पडलें. हा गृहस्थ वर्षानुवर्षें इतरांना उपदेश करीत असे, आणि एके दिवशीं व्यासपीठावर प्रवचन करतां करतां त्याला कळून आलें कीं आपण स्वतः अजून रितेच आहोंत ! रमाबाईंना त्यांत आपलें प्रतिबिंब दिसलें. आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सांपडला नाहीं, असा निवाडा त्यांनीं स्वतःविरुद्ध दिला. पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें कांहीं न झांकतां लिहिलें आहे. एवढ्या पंडितेनें हें चारचौघांत कबूल करावें, यांतच तिच्या अहंकाराचा कांहीं भाग गळून पडला असला पाहिजे.

याचा परिणाम व्यवहारांत झाला आणि तो कटु झाला. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि मुली येऊन बसत. १८९३ त रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले. कांहीं पालकांनीं मुली काढून नेल्या. ‘केसरी’नें झोड उठविली. या सल्लागारांना दोष देणें सोपें आहे. मी तो देणार नाहीं. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील या भरंवशावर त्यांनीं लोकांपुढें आपलें नांव खर्चीं घातलें होतें. दार लावून घेतां आलें असतें, हेंहि खरें. परंतु रमाबाईंची अडचण दाराची नव्हती. जें आपण सर्वस्व मानलें तें स्वतःच्याच घरांत चोरून करावयाचें, ही तडजोड त्यांच्यानें होईना.

तिसरी पायरी पैशाची, आणि मला ती सर्वांत अवघड वाटते. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशननें दहा वर्षें मदत देण्याचें पत्करलें होतें. ही मुदत १८९८ त संपणार होती. याच सुमारास तीन ग्रंथ त्यांच्या वाचनांत आले: जॉर्ज म्युलर यांचें वृत्त, चीनमधील एका मिशनची हकीकत, आणि जॉन पेटन यांचें चरित्र. त्यांत म्युलर मुख्य. या गृहस्थानें ब्रिस्टल येथें १८३६ सालीं एका भाड्याच्या घरांत अनाथ मुलांचें काम सुरू केलें, आणि पुढें पांच मोठ्या इमारतींतून दोन हजारांवर मुलांची सोय केली. माणसापुढें हात पसरावयाचा नाहीं, गरज देवालाच सांगावयाची, हा त्याचा नेम. अशी श्रद्धा हिंदुस्थानांत चालेल काय, असा प्रश्न रमाबाईंनीं स्वतःला घातला.

उत्तर द्यावयाची पाळी फार लवकर आली. १८९६-९७ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वींचा पाला त्यांना आठवला असेल, हें निराळें सांगावयास नको. हातीं पुरता पैसा नसतां त्या निघाल्या आणि ३०० मुली आणण्याचा संकल्प सोडला. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तामुळें एवढ्या मुलींना ठेवणें शक्य नव्हतें. सदनाला उत्पन्न असावें म्हणून केडगांवास जी जमीन आधीं घेऊन ठेवली होती, तीच या मुलींचें घर झाली. ‘मुक्ति’ हें तिचें नांव. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या आसपास गेली.

शरणागति म्हणजे हातावर हात ठेवून बसणें असा ज्यांचा समज असेल त्यांनीं केडगांवचा दिनक्रम डोळ्यांपुढें आणावा. विहिरी खणल्या गेल्या, शेतें पिकूं लागलीं, गुरें पोसलीं गेलीं, माग चालूं लागले, छापखाना निघाला. आणि हें सारें चालविणाऱ्या त्याच दुष्काळांतून उचललेल्या मुली. उद्यांचें धान्य कोठून येणार हें पुष्कळदां ठाऊक नसे. आज पेरावयाचें काय, हें मात्र बाईंना नेमकें ठाऊक असे. आणखी एक लहानशी गोष्ट सांगतों. ख्रिस्ताला मानणाऱ्या मुली पंधराच होत्या तेव्हां रमाबाईंनीं देवाजवळ त्या संख्येचा वर्ग मागितला, म्हणजे २२५; असें त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. देवाशींहि हिशेब मांडून बोलणारी ही बाई होती !

अखेरचीं सुमारें पंधरा वर्षें बायबलच्या भाषांतरांत गेलीं. प्रचलित मराठी बायबलची भाषा साध्या बायकांना कळत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठींत भाषांतर करूं लागल्या. वाँटेजला क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरून भांडणारी बाई ती हीच. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा चाळिसाव्या वर्षीं वारली. संस्थेचा भार जिच्यावर टाकावयाचा तीच गेली. त्या दुःखांतहि कामाचा क्रम मोडला नाहीं. मुद्रितें येत राहिलीं आणि बाई तीं तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवासच त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलें तें १९२४ सालीं, मुक्तीच्याच छापखान्यांतून. त्याचे खिळे तेथल्याच बायकांनीं जुळविले होते.