बोंबलातली बोंब

'बोंबील' कर्तेपणी दीर्घ ई मिरवतो आणि विभक्तीला लागला की ती गमावतो: बोंबलाचे कालवण, बोंबलाची चटणी. थेट पाटलासारखे. पाटील-पाटलाचा, बोंबील-बोंबलाचा. हे साम्य नुसत्या रूपाचे नसावे. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असे संस्कृत वेष चढवलेले रूप भेटते. त्याच्या मुळाशी प्राकृत 'पट्ट-इल्ल', म्हणजे पट्ट असलेला, असे दिसते. हेमचंद्राने संस्कृत 'मतुप्'च्या जागी येणाऱ्या प्राकृत प्रत्ययांत या 'इल्ल'ची नोंद केली आहे. मग पट्टवाला तो पाटील, तसा बोंबवाला तो बोंबील?

पण मासा कुठे बोंबलतो? इथे 'बोंब' म्हणजे आवाजच, हा आपला आजचा समज आड येतो. शिमग्यातली बोंब आठवावी: तोंड वासायचे आणि त्यावर पालथा हात मारायचा. आवाजाइतकेच महत्त्व वासलेल्या तोंडाला. आणि बोंबलाचा सगळा बडेजाव तोंडातच आहे. अंग पाण्याने भरलेले, लिबलिबीत. जबडा मात्र डोळ्यांच्या पार मागे गेलेला, त्यात बारीक, आत वळलेले दात. जवळा, कोळंबी, प्रसंगी स्वतःचे भाऊबंदही तो गिळतो. वाळवतानाही हा जबडाच कामी येतो. दोन बोंबलांची तोंडे एकमेकांत अडकवली की जोडी वलांडीवर टांगता येते, खिळा नको की दोरा नको. ('वलांडी'चे कपडे वाळत घालायच्या 'वलणी'शी नाते असावे, पण तो वेगळा लेख.)

गुजराती या तर्काला बळ देते. तिथे ओरड म्हणजे 'बूम' आणि हा मासा 'बूमला'. दोन भाषांत ओरड आणि मासा अशी जोडी जमते, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देणे जिवावर येते. अर्थात, नाव आधीचे आणि बोंबेशी नाते लोकांनी मागाहून जोडलेले, असेही असू शकेल. लोकव्युत्पत्ती शेजारच्या भाषेतही सहज पसरते.

संस्कृतात शोधून फारसे हाती लागत नाही. सुश्रुतसंहितेत समुद्रातल्या माशांची यादी आहे. तिमि, तिमिंगिल, मकर अशी भारदस्त मंडळी तिथे आहेत, पण बोंबलाचा पूर्वज वाटावा असे कोणी नाही. 'दर्या' आणि 'बंदर' आपण फारसीकडून घेतले, पण बोंबील तिकडचाही दिसत नाही. हा मासा विपुल मिळतो तो गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि पार पलीकडे बंगालकडे. आणि बंगालीत तो 'लोटे' किंवा 'लोइट्टा'. मत्स्यापासून इकडे मासा, तिकडे माछ झाले; तसा या दोन नावांना जोडणारा धागा नाही. तेव्हा बोंबील हा इथल्याच किनाऱ्यावर घडलेला शब्द असावा. शास्त्रीय नावातल्या 'हार्पाडॉन'मध्ये मात्र ग्रीक 'हार्पे' म्हणजे विळा आणि 'ओदोन' म्हणजे दात. हा 'ओदोन' आपल्या 'दन्त'चा सख्खा भाऊ. नाव ठेवणाऱ्याची नजर तिथेही तोंडावरच गेली.

इंग्रजांनी हा शब्द लवकर ऐकला. जॉन फ्रायर 1673च्या मुंबईचे वर्णन करताना माझगावच्या गरिबांचे अन्न म्हणून 'बंबेलो' नोंदवतो. पुढे बोंबलाचे 'बॉम्बे डक' हे इंग्रजी नाव कुठून आले? आगगाडीच्या डाकेतून सुक्या बोंबलाचा वास यायचा, म्हणून 'डाक'चे 'डक' झाले, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. गोष्ट झकास, पण बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 1853 साली, आणि मुंबईच्या फौजेला 'डक्स' म्हटल्याचा दाखला एल्फिन्स्टनच्या 1803च्या मजकुरात सापडतो. 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाच्या मते ही पदवी माशावरूनच आली. बंगालचे साहेब नोकराला 'कोई है' अशी हाक मारत, म्हणून ते 'क्वी-हाय'. मद्रासचे 'मल', ते मुलिगाटॉनीवरून, म्हणजे तमिळ मिरपाण्यावरून. आणि मुंबईकर साहेबांच्या वाट्याला सुका बोंबील आला.