गिटार कोणाची?

मराठीत आपण वस्तू घेतो, आणि कधी कधी ती करवून घेतो. बाजारातून सदरा आणला तर तो घेतला. शिंप्याकडे माप दिले तर शिवून घेतला. दागिना घडवून घेतात, घर बांधून घेतात, लग्नपत्रिकेचा मजकूर लिहवून घेतात. व्याकरण शिकवताना प्रयोजक क्रियापदाचा पाठ आम्ही दोन-चार उदाहरणांत उरकतो, पण त्यात दडलेला पेच वर्गात सहसा सोडवला जात नाही. 'तिने सोनाराकडून पाटल्या घडवून घेतल्या' ह्या वाक्यात कर्ता कोण? हातोडी सोनाराच्या हातात आहे, इच्छा तिची आहे. पाणिनीने कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यास 'हेतु' अशी संज्ञा दिली आणि तोही कर्ताच, असे म्हणून दोघांनाही कर्तृत्वाच्या पंक्तीस बसवले. व्याकरणात हे शोभून दिसते. व्यवहारात दोन कर्त्यांचे फारसे पटत नाही, आणि त्याची एक ठळक साक्ष विसाव्या शतकातील अमेरिकेत, विजेच्या गिटारीच्या इतिहासात सापडते.

विषय आमच्या नेहमीच्या वाचकांस दूरचा वाटेल, म्हणून आधी आपल्या घरचे एक उदाहरण घेतो. मिरजेला तंबोरा करायला टाकणाऱ्या गायकाला पहिला प्रश्न असतो तो त्याच्या स्वराचा: काळी एक की पांढरी पाच? त्यावरून भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी ठरते. बायकांचा तंबोरा लहान, पुरुषांचा मोठा, हा भेद स्वराच्या उंचीतून आलेला आहे. मग जवारी लावणे, आणि ती गाणाऱ्याच्या कानाला पटेपर्यंत पुन्हा घासणे. एकोणिसाव्या शतकात पटवर्धनांच्या संस्थानात रुजलेल्या ह्या कारागिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे मागणीदाराची इच्छा आहे खरी, पण तिला भोपळ्याची मर्यादा आहे. नाद पोकळीतून यायचा असल्यामुळे पोकळी कशी असावी हे भौतिकशास्त्र सांगते, गिऱ्हाईक नव्हे. शेतात जो भोपळा पिकला त्याच्याशीच दोघांना जुळवून घ्यावे लागते. त्यामुळे कर्तृत्वाचा तंटा फारसा उभा राहत नाही.

विजेच्या गिटारीने ही मर्यादाच काढून टाकली. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले की पोलादी तारेचे कंपन वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह निर्माण करते. तोच प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकातून ऐकवायचा. ह्या जुळणीला पिकअप म्हणतात. जॉर्ज बोशांप आणि अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी 1930च्या दशकाच्या आरंभी अशी गिटार बाजारात आणली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन धर्तीची आणि धातूची होती. आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. तव्यातून संगीत निघू शकते हे एकदा कळल्यावर वाद्याचा देह कसा असावा ह्याला नादाचे पूर्वीइतके बंधन उरले नाही. आता तो वादकाला हवा तसा असू शकत होता, आणि 'हवा तसा' म्हणजे कसा, हे कोणीतरी सांगायला हवे होते.

ते सांगणारा माणूस मर्ल ट्रॅव्हिस. केंटकीच्या कोळसाखाणींच्या मुलखात 1917 साली जन्मलेला. 'सिक्स्टीन टन्स' हे खाणकामगाराच्या कर्जबाजारी आयुष्यावरचे गाणे त्याने 1946 साली ध्वनिमुद्रित केले; ते जगभर झाले ते 1955 मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात. आंगठ्याने खर्जाचा ठेका आणि तर्जनीने वरची धून अशी त्याची वादनपद्धती आज त्याच्याच नावाने शिकवली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कॅलिफोर्नियात रेडिओवर आणि नाचघरांत वाजवत असे. तिथे त्याला दोन अडचणी छळत होत्या. पोकळ गिटारीचा आवाज वाढवला की ध्वनिक्षेपकाचा नाद पोकळीत शिरून शिट्टी वाजू लागे. आणि छेडलेला सूर फार लवकर विझे. शेजारी बसलेल्या स्टील गिटारवाल्याचा सूर मात्र लांबत राही. ट्रॅव्हिसने विचार केला की ती पातळ आणि भरीव आहे म्हणून सूर टिकत असेल, तर आपल्या उभ्याने वाजवायच्या गिटारीचा देह तसाच का नसावा?

कारागीर शोधायला लांब जावे लागले नाही. पॉल बिग्जबी (1899–1968) हा लॉस एंजलिसच्या परिसरातला पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे अचूक नमुने करणारा यांत्रिक. तो क्रॉकर ह्या मोटारसायकल कारखान्यात काम केलेला होता. मोटारसायकलचे वेड दोघांनाही होते. बिग्जबीने ह्याआधी ट्रॅव्हिसच्या एका गिटारीवरील सुराला हेलकावा देणारा दांडा दुरुस्त करण्याऐवजी स्वतःच्या पद्धतीचा नवाच करून दिला होता. तो दांडा आजही बिग्जबीच्या नावाने विकला जातो. ट्रॅव्हिसने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्याने एका कागदावर गिटारीचे चित्र काढले आणि हे जमेल का, असे विचारले. जमेल, असे उत्तर आले. ट्रॅव्हिस व्यंगचित्रेही काढत असे, तेव्हा रेषा सफाईदार असणार.

1948 साली तयार झालेली ती गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. तिचा देह पातळ, लाकूड पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेले मेपल, आणि दांडी देहाला जोडलेली नसून त्याच्या आरपार गेलेली आहे. सजावटीत पत्त्यांतील इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. सर्वांत लक्षणीय म्हणजे दांडीच्या टोकावर सहाही खुंट्या एकाच बाजूला रांगेने आहेत. तारा बदलताना हात पलीकडे न्यावा लागू नये, ही ट्रॅव्हिसची साधी सोय.

आता ही गिटार कोणाची कृती? कल्पना, चित्र, खुंट्यांची रांग ट्रॅव्हिसची. पण लाकूड निवडणे, दांडी आरपार नेण्याचा निर्णय घेणे, पिकअप स्वतः गुंडाळणे, हे कागदावर काढता येत नाही. ट्रॅव्हिसने आयुष्याच्या उत्तरार्धात भरीव विजेच्या गिटारीची रचना आपली असल्याचे जाहीरपणे सांगितले. आम्हांला हा दावा खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. चित्र काढणे म्हणजे संहिता लिहिणे नव्हे. ते फार तर संहितेचे आर्जव आहे. उलट बाजूने हेही खरे की आर्जव नसते तर बिग्जबीने अशी गिटार स्वतःहून केली असती असे मानायला काही आधार दिसत नाही. बिग्जबीने स्वतः हा प्रश्न एका सुंदर रीतीने हाताळला होता. स्पीडी वेस्टसारख्या वादकांसाठी केलेल्या त्याच्या वाद्यांवर कारागिराच्या नावाबरोबर वादकाचेही नाव ठळकपणे जडवलेले असे. दोन कर्ते, दोन सह्या. आपल्याकडील ताम्रपटांत दान देणारा राजा, मजकूर रचणारा आणि तो कोरणारा ह्यांची नावे एकत्र नांदतात, त्याची इथे आठवण होते.

ह्यात तिसरा माणूस शिरला तो लिओ फेंडर. फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार न वाजवणारा. 1950 साली त्याने भरीव देहाची गिटार कारखान्यात तयार करून विकायला काढली. आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीच्या ढोलांचे नाव तसेच असल्याने हरकत आली, आणि 1951 पासून ती टेलिकास्टर झाली. तिच्याही खुंट्या एकाच रांगेत. 1954 सालच्या स्ट्रॅटोकास्टरच्या टोकाचा डौल तर बिग्जबीच्या गिटारीशी इतका मिळताजुळता आहे की वाद पेटणारच होता. फेंडरने आपली गिटार पाहण्यासाठी उसनी नेली होती, असे ट्रॅव्हिस सांगत राहिला. फेंडरच्या बाजूचे लोक ते नाकारत राहिले. आम्हांला ह्या वादात न्यायाधीश व्हायची हौस नाही. एक मात्र नोंदवावे लागते: खुंट्यांची एकेरी रांग ट्रॅव्हिसच्या शंभरेक वर्षे आधी व्हिएन्नाच्या योहान गेऑर्ग श्टाउफरच्या गिटारींवर होती, आणि 1833 साली अमेरिकेत आलेल्या सी. एफ. मार्टिनने ती सोबत आणली होती. ट्रॅव्हिसला ते ठाऊक असेल-नसेल. साहित्यातील प्रभावांचा अभ्यास करणाऱ्यांना ही परिस्थिती परिचयाची आहे.

पण फेंडरचे खरे कर्तृत्व खुंट्यांत नव्हतेच. बिग्जबीची दांडी देहाच्या आरपार होती. ती बिघडली तर सगळे वाद्य बिघडले. फेंडरने दांडी वेगळी केली आणि चार स्क्रूंनी देहाला आवळली. बिघडली की काढा, दुसरी बसवा. ह्या चार स्क्रूंनी गिटार एका माणसापासून सुटली. ज्याच्यासाठी ती केली तो आधी ठाऊक असण्याची गरजच संपली. एका वादकाची इच्छा अशा रीतीने सर्वांची वस्तू झाली, आणि शेकडो सामान्य पोरांच्या हाती विजेची गिटार आली, जी बिग्जबीच्या रांगेत कधीच आली नसती. कारागिरीविषयी हळवे होऊन लिहिणारे हे विसरतात.

पुढचा भाग थोडा विनोदी आहे. करवून घेण्याची पद्धत मागे पडली तसा तिचा शब्द भाव खाऊ लागला. गिब्सन कंपनीने 1954 साली सोनेरी साजाची काळी गिटार काढली आणि तिचे नावच 'लेस पॉल कस्टम' ठेवले. छापील किमतीची, दुकानात टांगलेली, कोणासाठीही न केलेली 'कस्टम'! फेंडर कंपनीने 1987 साली कॅलिफोर्नियात स्वतंत्र 'कस्टम शॉप' उघडले आणि मागणीनुसार गिटारी करायला घेतल्या. आज अनेक कंपन्यांकडे लाकूड, रंग, पिकअप ह्यांच्या याद्या असतात आणि गिऱ्हाईक त्यांवर खुणा करते. ह्याला निवड म्हणावे. यादीत नसलेले मागण्याची सोय तिच्यात नसते, आणि ट्रॅव्हिसच्या कागदावर नेमके तेच होते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो जेरी गार्सियाच्या मृत्यूनंतर. ग्रेटफुल डेड ह्या वाद्यवृंदाच्या ह्या गिटारवादकाने 1970च्या दशकाच्या आरंभी डग अर्विन नावाच्या तरुण कारागिराची एक तयार गिटार विकत घेतली आणि ती आवडताच दुसरी करायला सांगितली. ती दुसरी 1973 साली मिळाली. गार्सियाने तिच्या घोडीखाली एका खुनशी लांडग्याचे व्यंगचित्र चिकटवले. पुढे गिटार नव्याने रंगवायची वेळ आली तेव्हा चित्र नष्ट होणार हे पाहून अर्विनने तो लांडगा जडावकामात उतरवला, आणि गिटारीचे नाव 'वुल्फ' पडले. वादकाने गंमत म्हणून डकवलेला कागद कारागिराने लाकडात कायम केला. कर्तृत्वाची वाटणी कुठे करायची ते ज्याला करता येईल त्याने करावी.

'वुल्फ' हाती येताच गार्सियाने आणखी एक मागितली. ह्या वेळी चित्र नव्हते, मापे नव्हती. वेळेची वा खर्चाची पर्वा न करता तुला जमेल तितकी उत्तम कर, एवढाच आशय. 1979 साली, सहा वर्षांनी, 'टायगर' आली. कोकोबोलो आणि मेपल अशा लाकडांचे थर, पितळेचे काम, घोडीमागे जडवलेला वाघ, आणि वजन सहा किलोंच्या आसपास. अशी गिटार गळ्यात अडकवून तीन-तीन तास उभे राहणे ही शिक्षाच, पण गार्सियाने ती वर्षानुवर्षे वाजवली. पुढे तिची जागा अर्विनच्याच 'रोझबड'ने घेतली. 9 जुलै 1995 रोजी शिकागोतील वृंदाच्या अखेरच्या कार्यक्रमात 'रोझबड' बिघडली, तेव्हा गार्सियाने पुन्हा 'टायगर' उचलली. एका महिन्याने, 9 ऑगस्टला, तो गेला.

त्याच्या मृत्युपत्रात एक कलम होते: अर्विनने केलेल्या सर्व गिटारी अर्विनला द्याव्यात. कर्जाऊ घेतलेली वस्तू परत करावी तसे हे वाटते, पण गिटारींचे पैसे तर केव्हाच चुकते झाले होते. विकत घेऊनही आपण त्यांचे पूर्ण मालक नाही असे गार्सियाला वाटत होते काय? मृत्युपत्र कारणे देत नाही. वृंदातील सहकाऱ्यांनी हरकत घेतली. गिटारी वृंदाच्या समाईक पैशातून घेतल्या होत्या, तेव्हा त्या गार्सियाच्या नव्हेत, कंपनीच्या. आणि जे त्याचे नव्हते ते तो देणार कसा? कायद्याच्या दृष्टीने ह्यात दम होता. म्हणजे आता कर्ते तीन झाले: करणारा, करवणारा आणि पैसे भरणारा. पाणिनीने ह्या तिसऱ्याची सोय केलेली नाही.

2001 साली तडजोड झाली. 'वुल्फ' आणि 'टायगर' अर्विनला मिळाल्या, इतर गिटारी वृंदाकडे राहिल्या. अर्विनला पैशांची निकड होती. मे 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 'वुल्फ' 7,89,500 डॉलरना आणि 'टायगर' 9,57,500 डॉलरना गेली. त्या किमतीत लाकडाचा भाग किती आणि गार्सियाच्या बोटांचा किती, हे बोली लावणाऱ्यांनी आपापल्या मनाशी ठरवले असेल. मृत्युपत्रातील त्या कलमात अर्विनच्या आडनावाचे पहिलेच अक्षर चुकीचे पडले होते. गिटारी त्याच्यापर्यंत पोचल्या त्या तशाच, चुकलेल्या नावाने.